उलट्या पंखाची गाडी

माझ्या गाडीला पंख आहे. डिकीवर आडवा, अॅल्युमिनियमचा, घरामागच्या शेडमध्ये मी स्वतः ठोकलेला. ओझरला विमानाच्या कारखान्यात जन्मभर रिव्हेट मारलेत, तेव्हा रिव्हेटची रांग सरळ कशी येते ते मला कुणी शिकवू नये. पंखाखाली निळ्या दिव्यांची माळ आहे. सीटना लाल रेक्झिन, त्याला सोनेरी झालर. आणि मागे दोन तांब्याच्या घागरींच्या तोंडांशी स्पीकर बसवलेत. गवळण ऐकावी तर घागरीतून, पोटात घुमते.

लेकीला यातलं काही म्हणता काही आवडत नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्याच सुट्टीत घरी आली, पंखाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बाबा, हा उलटा बसलाय. विमानाला वर उचलायचं असतं, गाडीला खाली दाबायचं असतं."

बरोबर होतं तिचं. विमानाचेच पंख हाताखालून गेलेले, हात तसाच वळला. पण काढला नाही. म्हटलं, उचलली तर उचलली, तुझं काय जातंय? त्यावर तिने कानात तिचे ते बोळे घातले. तिची गाणी म्हणजे कुणीतरी भराभर भांडतंय आणि मागे कुणी पत्रा बडवतंय. पत्रा मीही बडवलाय, पण त्याला गाणं म्हणालो नाही.

लग्नाच्या वेळी तिने स्पष्ट सांगितलं, आपली गाडी आणू नका. पाठवणीला भाड्याची पांढरी गाडी आली. ते फार लागलं मला. अजून लागतं.

मग पहिली दिवाळी आली. आमच्यात पहिल्या सणाला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, मुराळी म्हणून. तिला भाऊ नाही, तेव्हा मुराळी मीच. आदल्या दिवशी तिचा फोन. "बाबा, टॅक्सीने या ना. इथे सगळे बघतात."

"बघू देत की," म्हटलं आणि गाडी धुवायला घेतली. आतून मात्र धाकधूक होती. ही गाडीत बसलीच नाही तर?

गंगापूर रोडला त्यांच्या सोसायटीच्या फाटकात वॉचमनने अडवलं. "काका, प्रचाराची गाडी आत नाही येत."

मी गवळणीचा आवाज थोडा वाढवला आणि सांगितलं, "लेकीला न्यायला आलोय."

लेक बॅग घेऊन खाली आली. मागे जावई आणि विहीणबाई. बाल्कन्यांतून माणसं वाकून बघत होती. तिचा चेहरा पडला होता. मी दार उघडून उभा राहिलो. गाणं काही मी बंद करणार नव्हतो.

जावई भला माणूस, तोही इंजिनीअरच. पंखावर हात फिरवून, हसू दाबत म्हणाला, "बाबा, हा उलटा लागलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "उलटा नाही. आमच्याकडे असाच बसवतात."

आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. फाटकाबाहेर पडल्यावर तिने फोन काढला, स्पीकरची वायर हातात घेतली. "आडगावपर्यंत तुमचं. तिथून पुढे माझं लावायचं, काय?"

मी बरं म्हटलं. आणि आडगाव यायच्या आधी गाडी मुद्दाम हळू घेतली.