माझ्याच हातानं खोललेली मिल

मिस्त्री खुणा करतो, पण दुसऱ्याला वाचता येतील अशा करत नाही. गोंदियाच्या राइस मिलांमध्ये हे मी उस्तादाकडून शिकलो, कानाखाली खाऊन. वर्षातून एकदा मिल बंद ठेवून सगळ्या मशिनी खोलायच्या, साफ करायच्या आणि परत जोडायच्या. कुठला तुकडा कुठं बसतो ते मी छिन्नीच्या बारीक टोल्यांनी माझ्यापुरतं लिहून ठेवायचो. दुसऱ्या कुणी पाहिलं तर त्याला नुसता गंज वाटावा. मालकाचं डोकं कितीही फिरलेलं असो, मिल चालू करायची तर मला बोलवावंच लागे. माझी नोकरी त्या टोल्यांवर उभी होती आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

आमची मिल उसना तांदळाची. म्हणजे धान हौदात भिजवायचं, वाफवायचं, पटांगणात वाळवायचं आणि मग भरडायचं. शेठ मला कधी अरे-तुरे बोलले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नाला दवनीवाड्याला आले, तेव्हा खुर्ची नाकारून पंगतीत मांडी घालून जेवले. त्या एका जेवणावर मी त्यांना पुढची कितीतरी वर्षं माफ करत आलो.

मग सरकारनं तांदूळ बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. आमचा बराच माल नेपाळला जायचा, तो अडकला. तिकडची बंडाची गडबड तोवर निवली होती आणि तिथले लोक बाहेरच्या कारखानदारांना बोलावत होते. जमीन देतो, कर माफ करतो, या आणि कारखाने घाला. शेठ दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते मिठाईचा डबा घेऊनच. मला केबिनमध्ये बसवून म्हणाले, "मिस्त्रीजी, चावल नहीं जाता तो मिल ही ले चलते हैं. वहाँ के बड़े मिस्त्री आप. और यहाँ के दस-बारह आदमी भी, आप जिसको बोलो."

मी फुगलो, खोटं कशाला सांगू! घरी जाऊन बायकोला ऐकवलं, आपले पूर्वज माळव्यातून इथं आले, मग मी नेपाळला गेलो तर काय बिघडलं? ती म्हणाली, आधी कागदावर लिहून घ्या. मी तिच्यावर खेकसलो. शेठकडून कागद मागायचा म्हणजे आपणच हलकं व्हायचं, असं मला वाटायचं.

त्या हंगामात तिकडून चार जण काम शिकायला आले. चौघेही बायकापोरांचे, हाताला कष्टाची सवय असलेले. लॉजचं जेवण त्यांना पचेना, म्हणून महिनाभर माझ्या घरी जेवले. धान किती भिजवायचं, वाफ कधी तोडायची, दाणा दाताखाली धरून काय पाहायचं, सगळं मी त्यांना दाखवलं. हातचं काही राखलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्यातला थोरला माझ्याजवळ येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "चाचा, एक बात बोलूँ? ज़मीन इसी शर्त पर मिली है कि काम हमारे लोग करेंगे. शेठ ने आपको बताया है ना?"

मी म्हणालो, "हाँ हाँ, बताया है."

शेठनं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या केबिनपर्यंत गेलो आणि दारातून परतलो. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं.

मग मिल खोलायची वेळ आली. शेठ म्हणाले, तिकडे उद्घाटनाला मोठी माणसं येणार आहेत, जोडणीला वेळ कमी मिळेल, खुणा ज़रा साफ़ दिखें, ऐसी करना. मी पांढऱ्या रंगाचा डबा आणला. प्रत्येक पुलीवर, शाफ्टवर, पत्र्यावर ठळक आकडे घातले. एका वहीत चित्रं काढून कुठल्या आकड्याला कुठला आकडा जोडायचा तेही लिहिलं. सगळी उमर टोले लपवण्यात गेली आणि आता शाळेच्या भिंतीवर पाढे लिहावेत तसे आकडे रंगवले. जोडणारा मीच आहे, या भरवशावर.

ट्रक भरले त्या सकाळी पटांगणात काम करणाऱ्या बाया गेटसमोर आडव्या बसल्या. त्यांच्यात पुढं होती ती सडक अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतली गोंड बाई. अठरा वर्षं तिनं आमचं धान उलथलं होतं. शेठ आत बसून राहिले आणि मला पुढं केलं. ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, आमी शेठचं आयकून नाई रायलो. तुमी सांगा. गाड्या जाऊ देऊ का?"

मी म्हणालो, "जाऊ द्या. मी चाललो आहे ना. मागून तुम्हालाही बोलावतो."

ती उठली, तशा बाकीच्याही उठल्या. ट्रक बालाघाटच्या रस्त्याला लागले.

दोन महिने शेठचा फोन लागला की एकच उत्तर मिळे, कागज़ बन रहा है. मग एक दिवस फोन शेठच्या मुनीमानं उचलला आणि तो सहज बोलून गेला की मिल चालू झाली. मी विचारलं, जोडली कुणी? तो म्हणाला, "आपके नंबर थे ना. आराम से जुड़ गई." शेठ फोनवर आले ते नेहमीच्याच गोड आवाजात. "मिस्त्रीजी, वहाँ की शर्त है, क्या करें? आपको तो मालूम ही होगा." आणि मी, आयुष्यभर तोंडाळ म्हणून नावाजलेल्या माणसानं, हो जी म्हणून फोन ठेवला. त्याचा संताप अजून जात नाही.

दुसऱ्या मिलमध्ये मला काम मिळालं, मदतनीस म्हणून. बायांना कुठंच मिळालं नाही.

तीन-चार वर्षांनी हायवेवरून जाताना सडक अर्जुनीजवळ एका ढाब्यावर थांबलो, तर गेटसमोर बसलेली ती गोंड बाई तिथं भांडी घासत होती. जुन्या पटांगणातली आणखी एक बाई सोबत होती. मला पळून जावंसं वाटलं. ती हात पुसत आली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्रीभाऊ, शेठचं सोडा. तुमाले मालूम होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

ती मागं वळली आणि त्या दुसरीला म्हणाली, "मी कवापासून सांगून रायली ना तुले? मिस्त्रीभाऊले मालूम नसंल."

मग तिनं माझ्यासाठी चहा आणला, आणि मी तो प्यायलो.