सरासरीइतका पाऊस

महादेवाचं दार उघडण्याआधी गुरवआबा अंगणातलं सरकारी पर्जन्यमापक उघडायचे. पिंडीला पाणी नंतर. चाकणजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो, देवळाच्या ओवरीत राहिलो, आणि पहिल्याच सकाळी हा उलटा क्रम पाहून थक्क झालो. विचारलं तर म्हणाले, "द्येव थांबतोय बापडा. सरकार थांबत न्हाई, गुर्जी."

महिन्याचा पाऊस सरासरीच्या वर की खाली, ते तलाठी वाचून दाखवी. आबांना ती सरासरी कधी पटली नाही. "गेल्या सालचं पाणी औंदाच्या बैलाला पाजता येतंय व्हय?" असं विचारून ते तलाठ्याची फिरकी घेत, आणि वर स्वतःच हसत.

मग ते मेलं वर्ष आलं. श्रावणात वैशाखासारखं ऊन. विहिरी आटल्या, तरणी पोरं पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर गेली. चाकणच्या बाजारात नेलेली जनावरं लोक तशीच परत आणत, कारण फुकटसुद्धा कोणी घेईना. मामलेदारांनी सांगितलं, ज्या गावाचा महिन्याचा पाऊस सरासरीच्या फार खाली जाईल, तिथं गुरांना चारा-छावणी मिळेल. आमच्या गावचं मापक तर ठणठणीत कोरडं होतं. छावणी मिळणार, म्हणजे गुरं जगणार, याच आशेवर गाव तग धरून होतं.

पण बायकांना धीर निघेना. त्यांनी महादेव कोंडायचं ठरवलं. भामा नदीच्या डबक्यांतून पाणी आणून पिंडी बुडेपर्यंत गाभारा भरायचा आणि दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. आबा तेव्हा तापानं फणफणून ओवरीत पडले होते, उठून बसायचीही ताकद नव्हती. देव बुडवून झाल्यावर बायकांची नजर मापकाकडे गेली. आबा रोज ज्याला आधी उघडतात तो हा सरकारचा देव, त्याला का सोडायचा? उरलेल्या घागरी त्यांनी भक्तिभावानं त्यात रित्या केल्या. त्यात आबांची बायको सोनाकाकूही होती. हे सगळं आबांना आणि मला तिनंच महिनाअखेरीला रडत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा आजारी म्हणून तलाठीच मोजायला आला. चाकणला आदल्या संध्याकाळी सर येऊन गेली होती. मापक भरलेलं पाहून तो खूश झाला आणि आकडा पाठवून मोकळा. महिनाअखेर कचेरीतून निरोप आला की गावात सरासरीइतका पाऊस, छावणी नामंजूर.

आबा ताप अंगात घेऊन, माझ्या खांद्यावर हात टाकून, मामलेदार कचेरीत गेले आणि ते पाणी पावसाचं नव्हे, ओतलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "पाणी कोणी ओतलं ते नावानिशी सांगा. सरकारी मापकात ढवळाढवळ करणं गुन्हा आहे."

"म्या वतलं," आबा म्हणाले. "गुरव हाय साहेब. हाताला सवयच पडली वतायची."

मी तोंड उघडलं, तशी त्यांनी माझ्या खांद्यात नखं रुतवली.

आकडा दुरुस्त झाला, पण कागद इकडून तिकडे फिरत राहिले. छावणी उघडली तेव्हा दावणीला नुसती दावी उरली होती. आबांचं मापकाचं काम गेलं. "गुरवानं आमची गुरं मारली," असं म्हणत गावानं त्यांचं बलुतं बंद केलं, आणि बायका मान खाली घालून देवळावरून जाऊ लागल्या.

माझा संताप संताप झाला. "सांगून टाका ना खरं! मी साक्षीला उभा राहतो!"

"नगं, गुर्जी. गावाला राग धराया कुनीतरी पायजे. बायकांवर धरला तर घरंच्या घरं मोडतील. माझ्यावर धरला तर एक मानूस मोडंल."

आणि मोडलाच तो माणूस. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

तिरडी बांधून झाली, तरी उचलायला माझ्याशिवाय कोणी पुढं येईना. पुरुषमाणसं पारावर पाठ फिरवून बसलेली. मग सोनाकाकूनं पदर खोचला आणि तिरडीला खांदा लावला. ते पाहून घराघरांतून एकेक बाई बाहेर आली. नवऱ्यांच्या देखत त्या सगळ्या जणी पुढं झाल्या, आणि आबांना त्यांनीच भामेवर नेलं.