दोनाताचा सिंह

भूकंपानं रोक्कासेर्रा गाव दीड मिनिटात जमीनदोस्त झालं. किल्ल्याचा बुरूज गेला, वरचं ख्रिस्ती देऊळ गेलं, दोनाताची पावाची भट्टीही गेली. चौथ्या दिवशी ढिगारा दरीत लोटायला यंत्र आलं, तेव्हा तिला मातीत दगडी आयाळ दिसली. देवळाच्या दारातला आठशे वर्षांचा सिंह! ती थेट यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा!" चालक ओरडला.

"आधी त्याला काढ. मग तुला काय लोटायचं ते लोट."

चौघांनी भट्टीच्या फळ्यांवरून सिंह ओढत आणला. ठेवायचा कुठे? सरकारनं दिलेल्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात, चुलीशेजारी.

"आता हा जेवायलाही बसणार का?" नवरा वितो कुरकुरला.

"बसू दे. तुझ्यासारखा मीठ कमी म्हणून बोंबलणार तरी नाही."

तिथे सिंह अठरा वर्षं राहिला. शेजारची पोरं त्याच्यावर बसून पाव खायची. त्याच्या पंजाखाली एक दगडी माणूस चिरडलेला होता. तो करवसुली करणारा, असं दोनाता छातीठोकपणे सांगे. पाद्रीबुवा म्हणत, ते पाप आहे. "मग तेच की," ती म्हणे.

शेवटी देऊळ पुन्हा उभं राहिलं. तरुण इंजिनिअर सिंह दाराच्या उजवीकडे बसवू लागला.

"अहो साहेब, हा डावीकडचा."

"मावशी, जुन्या चित्रात उजवीकडे आहे."

"चित्रकार कधी याच्यावर चढला होता का? ही कूस बघा, कशी गुळगुळीत झालीय. आम्ही सगळे लहानपणी पायऱ्यांच्या बाजूनं चढायचो. उजवीकडे बसवलात तर ही कूस भिंतीकडे जाईल. भिंतीतून का कोणी चढतं?"

इंजिनिअरनं दोन्ही कुशींवरून हात फिरवला. एक खरखरीत, एक साबणासारखी. तो थोडा लाजला आणि मजुरांना म्हणाला, "डावीकडे घ्या."

संध्याकाळी दोनाता घरी आली. चुलीशेजारी जमिनीवर फिकट चौकोन उरला होता. ती नेहमीसारखीच त्याला वळसा घालून चुलीकडे गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. ती तिथेच थांबली.

वितोनं उठून आपली खुर्ची त्या चौकोनात सरकवली.

"इथे ऊब चांगली येते गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं त्यानंच खाल्ली."

दोनाताला हसू फुटलं आणि डोळेही भरले. तिनं त्याला सूप वाढलं.