बारावी पास

चाकणच्या आमच्या कंपनीत तो ठेकेदाराचा सफाई कामगार होता. कंपनीच्या बसमध्ये सीट रिकामी असली तरी मागे उभा राहायचा.

एकदा फरशीसाठी नवं रसायन आलं. डब्यावरचं इंग्रजी आम्हा सुपरवायझरांना उमगेना. त्याने मॉप भिंतीला टेकवला, लेबल वाचलं आणि हे ब्लीचमध्ये मिसळलं तर कोणता विषारी वायू निघेल, ते शांतपणे समजावलं.

“किती शिकलास रे?” मी विचारलं.

त्याने आधी मागे पाहिलं. “एमएस्सी, केमिस्ट्री. कुठं बोलू नका सर. फॉर्मवर बारावीच लिहिलंय. जास्त शिकलेला हुज्जत घालतो म्हणून ठेकेदार घेत नाही.”

“मग मशीनवर का नाही घेतलं?”

“गावाकडून तिघं आलो होतो, तिघंबी बारावीवाले. ठेकेदारानं आडनावं वाचली. त्या दोघायला मशीन दिली, मला संडास.” मॉप पिळत तो म्हणाला, “डिग्री लपवता आली सर. आडनाव कुठं लपवू?”

माझं डोकंच फिरलं. शिका, पुढे जाल, असं कोणत्या तोंडाने सांगतो आपण पोरांना? ठेकेदाराला जाब विचारायला तरातरा निघालो आणि दारातच थबकलो. पहिल्या दिवशी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून मीही आडनावच वाचलं होतं. तेव्हापासूनच तर त्याला ‘अरे-तुरे’ करत होतो.