पी.टी.बाईंचे पातळ बूट

पी.टी.बाई मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नसे. दुसऱ्या कुणी बाई वर्गाकडे निघाल्या की सँडलची टकटक व्हरांड्याच्या त्या टोकापासून ऐकू यायची आणि आम्हाला सावरायला वेळ मिळायचा. पी.टी.बाईंच्या बाबतीत ती सोय नव्हती. खांद्यावर हात पडायचा, वर पाहावं तर त्या. पायांत काळे, बिनलेसचे कॅनव्हासचे बूट. टाच नाही, आत गादी नाही, तळाला सायकलच्या ट्यूबहून थोडं जाड एवढंच रबर. दुमडले तर पर्समध्ये मावतील असे.

शाळेतच नव्हे, त्या सगळीकडे तेच घालत. बाजारात, बँकेत, लग्नात रेशमी साडीखालीसुद्धा. दर रविवारी ते धुऊन लोधीपुरा मोहल्ल्यातल्या घराच्या कठड्यावर उपडे वाळत घालत. एकदा तपासणीला अधिकारी येणार होते तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना बाजूला घेऊन, आजचा दिवस तरी नीट काही घाला, असं सांगितलं. साहेब पोरींची कवायत बघायला येताहेत, माझे पाय बघायला नाही, असं उत्तर देऊन बाई मैदानावर गेल्या. अधिकाऱ्यांनी खरंच पायांकडे पाहिलं नाही.

बाई मूळच्या फोपनार गावच्या. वडिलांची केळीची बाग होती आणि लहानपणी पाणी सोडलेल्या वाफ्यांतून त्या दिवसभर अनवाणी फिरायच्या. कुठे ओल मुरली, कुठे जमीन अजून तहानलेली आहे, हे वडील पायाने ओळखायचे आणि मुलीलाही त्यांनी ते शिकवलं होतं. शहरात अनवाणी फिरता येत नाही म्हणून हे बूट, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "बूट जाड झाला की पाय आळशी होतो, अन् पाय आळशी झाला की पोरगी घरी बसते." आमच्यातल्या पुष्कळ जणी दहावीनंतर घरीच बसणार होत्या. बाईंना ते माहीत होतं.

एका वर्षी आम्हाला त्या खो-खोच्या सामन्यांसाठी नेपानगरला घेऊन गेल्या. समोरच्या संघाच्या पायांत जाडजूड स्पोर्ट्स शूज आणि आमच्या पायांत बाईंनी घ्यायला लावलेले तसलेच कॅनव्हास. आम्ही हरलो. मीच दोनदा घसरून पडले होते. परतताना बसमध्ये एका मुलीने बुटांना दोष दिला तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "बुटामुळे नाही हरलो. तुम्ही घाबरल्या. घाबरलेल्या घोड्याला नाल ठोकली तरी तो पडतोच." मग माझ्या सोललेल्या गुडघ्यावर त्यांनी स्वतःचा रुमाल बांधला आणि घरी पोहोचेपर्यंत सोडू दिला नाही.

त्यांचा एक खेळ मुलींना फार आवडायचा. बाई डोळे मिटून उभ्या राहायच्या, मुली फरशीवर काहीतरी ठेवायच्या आणि बाई बुटानेच दाबून ते ओळखायच्या. चिंचोका, खडू, पेन्सिलीचं टोक, बांगडीचा तुकडा. एकदा कुणीतरी नुसता दोरा ठेवला होता, तोही त्यांनी ओळखला. वर्षातून एकदा, बालदिनाला, हा खेळ व्हायचाच.

पुढे मी बी.एड. करून त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बाईंची नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. ज्या दुकानातून त्या बूट घ्यायच्या ते दुकान मालक वारल्यावर बंद पडलं. बाजारात दुसरीकडे सगळे फुगीर तळाचेच बूट. मी त्यांना मोबाइलवर दाखवलं की तसेच पातळ, बिनलेसचे कॅनव्हासचे बूट आता ऑनलाइन मिळतात आणि त्यांना बेअरफूट शूज म्हणतात. बाईंना त्याची फार गंमत वाटली. "म्हणजे अनवाणी चालायची पण आता फॅशन झाली?" त्यांनी विचारलं. जोड आला, त्यांनी घालून पाहिला आणि स्टाफरूममध्ये दोन फेऱ्या मारून मान हलवली. तेव्हापासून त्यांचे बूट मीच मागवायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना कठीण जातं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, त्या वर्षीच्या बालदिनाला मुलींनी नेहमीसारखा घोळका केला. बाईंनी डोळे मिटले. एका मुलीने चिंचोका ठेवला, बाईंनी त्यावर पाय दिला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा ना पोरींनो, किती वेळ लावता." मुली म्हणाल्या की ठेवलाय, बाई, तुमच्या पायाखालीच आहे. बाईंनी डोळे उघडून खाली पाहिलं. मग त्या हसल्या, म्हातारी झाली रे तुमची बाई, असं म्हणाल्या आणि मुलीही हसल्या. मला हसू आलं नाही. स्पर्श आणि मज्जातंतूंचा धडा मी त्याच आठवड्यात शिकवला होता.

मधल्या सुट्टीत मी त्यांना मैदानाच्या कडेला गाठलं. आधी त्यांनी उडवून लावलं, मग सांगितलं. शुगर बऱ्याच वर्षांपासून होती. वर्षभरापासून पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटत होतं, आणि आता तर कापूसही वाटत नव्हता. डॉक्टरांनी मऊ, जाड तळाच्या चपला घालायला आणि रोज तळपाय तपासायला सांगितलं होतं. मैदानाचं काम बंद करा, असंही सांगितलं होतं. त्या चपला आणून त्यांनी कपाटात ठेवून दिल्या होत्या.

मी म्हटलं की घरी सांगायला हवं. घरी म्हणजे वहिनी. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या भावाकडे राहायच्या आणि भाऊ याच शुगरने गेला होता. वहिनींनी त्याचं चार वर्षं केलं होतं. बाईंनी माझा हात धरला. "तिला कळलं तर ती मला खाटेवरून उठू देणार नाही. माझी दोन वर्षं राहिली आहेत. तेवढी मला मैदानावर काढू दे. तुला माझी शपथ आहे." विद्यार्थिनी म्हणून मी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. मी गप्प राहिले. जानेवारीत त्यांनी नवीन जोड मागवायला सांगितला, जुन्याचा तळ झिजला होता म्हणून. मी तोही मागवला.

काटा फेब्रुवारीत लागला. मैदानाच्या एका बाजूला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं आणि वाऱ्याने त्यातल्या काही आत आल्या होत्या. वार्षिक खेळांची तयारी चालू होती, बाई दिवसभर मैदानावर होत्या. संध्याकाळी बूट काढताना त्यांना दिसलं की काटा रबरातून आरपार जाऊन पायात मोडला आहे. तो लागला केव्हा, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. त्यांनी टोक उपटलं, हळद भरली, मोजा चढवला आणि कुणाला बोलल्या नाहीत. मलाही नाही.

मला कळलं ते वासाने. पंधराएक दिवसांनी स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारी बसले आणि घुशीने कुठेतरी मरून पडावं तसा वास आला. मी खाली वाकून त्यांचा बूट काढला. त्यांनी अडवलं नाही. दुखत नव्हतं त्यांना. मोजा कातडीला चिकटला होता, तो सोडवला तर दोन बोटं काळी पडली होती.

मी त्यांना तसंच रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी इंदूरला पाठवलं. तिथे आधी बोटं काढली, मग आठ दिवसांनी गुडघ्याखाली पाय. वहिनी सतत उशाशी होत्या. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायच्या, की हिला शुगर आहे हे मला माहीत होतं, पण पायाला काही कळत नाही हे कुणी मला सांगितलंच नाही. मी समोर उभी असायचे आणि पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर जायचे.

घरी आल्यावर बाई खिडकीशी बसू लागल्या. गल्लीत पॉवरलूम दिवसभर खडखडायचे, त्यात बोललेलं नीट ऐकू येत नसे आणि बाईंना ते बरंच वाटत असावं. कृत्रिम पाय बसवून पाहिला, त्याने जखम झाली आणि तो काढून ठेवावा लागला. शाळेतल्या मुली सुरुवातीला यायच्या, मग कमी झाल्या. मैदानाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त एकदा विचारलं की पी.टी.च्या तासाला आता कोण जातं. कुणी नाही, त्या तासाला गणित घेतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान फिरवली.

दिवाळीनंतर मी एकदा गेले तेव्हा वहिनी देवळात गेल्या होत्या. मी बाईंपुढे रडले आणि म्हटलं की मी तेव्हाच सांगायला हवं होतं, बूट मागवायला नको होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, "तू मागवले नसते तर मी अनवाणी गेली असती. उगाच स्वतःला एवढं मोठं नको समजू." थोड्या वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात फार हलका झाला होता. डिसेंबरमध्ये, दुसऱ्या पायालाही जखम झालेली असताना, त्यांचं हृदय बंद पडलं.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेले. त्या बाईंच्या साड्या घड्या करून वाटायला काढत होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी घडी करणं थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुला?"

"काटा लागायच्या आधी तीन महिने."

"तीन महिने," त्या म्हणाल्या. मग आणखी एक साडी घडी करून ढिगावर ठेवली. "हिच्या भावाचे पाय मी रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बघायची. किडनीने गेला तो. पण जाताना दोन्ही पायांनिशी गेला."

त्या उठल्या, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. निघताना दारापर्यंत आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"पोरी, तू वाईट नाहीस," त्या म्हणाल्या. "पण आता इकडे येत नको जाऊ."

त्यानंतर मी गेले नाही.