अप्पा जानेवारीतच रिटायर

शिवलिंग अप्पांनी कागद माझ्या हातात दिला आणि स्टुलावर बसले. "ताई, तुमच्या मशीननं मला घरी धाडलंय," म्हणाले. "कावून, तेवढं सांगा."

मी बीडची. शाळांना प्रोग्रॅम करून द्यायचे. केजच्या या शाळेत स्टाफच्या नोंदींचं मॉड्यूल माझंच होतं. ऑफिसातल्या कम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, नाव टाकायचं, की नेमणूक, रजा, रिटायरमेंट सगळं दिसायचं. अप्पा तिथले शिपाई. मेअखेर रिटायर व्हायचे. कागदावर मात्र जानेवारीअखेर छापलं होतं, आणि डिसेंबर तर चालूच होता. एप्रिलात धाकट्या लेकीचं लग्न होतं. ते नोकरीत असतानाच करायचं, एवढा एकच त्यांचा हट्ट होता. कागदावर अजून सही झाली नव्हती, तेवढंच बरं.

हेडसर खुशीत होते. शाल आणूनसुद्धा ठेवली होती. "कम्प्युटर चुकत नसतो, म्याडम," म्हणाले. त्यांच्या मेव्हण्याला अप्पांच्या जागेवर चिकटवायचं होतं, आणि ते स्वतःही मेअखेरच रिटायर होणार होते. त्याआधी जागा रिकामी झाली, तरच त्यांना काही करता येणार होतं. सगळ्या केजला हे माहीत होतं, मलाच तेवढं उशिरा कळलं.

मी माझी जन्मतारीख टाकून पाहिली. पंचवीस आठ. बरोबर. क्लार्क सुरवसेबाईंची अठरा तीन. तीही बरोबर. मग अप्पांची एक सहा टाकली, म्हणजे एक जून. पठ्ठ्यानं ती सहा जानेवारी वाचली! एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याअखेर रिटायर होतो, म्हणून अप्पांचा मे; सहा तारखेचा त्याच महिन्याअखेर, म्हणून हा जानेवारी. पहिला आकडा महिना समजत होता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून माझ्या तारखेला गपचूप सरळ वाचत होता. आणि एक जून तर आमच्याकडं लई जणांची. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे.

"बाई, दिवाळीपर्यंत हे बरोबर चालत होतं. त्यानंतर या मशीनला कुणी हात लावला?"

"लातूरचे इंजिनिअर आलते की, निकालाचं मॉड्यूल बसवायला."

मग उलगडा झाला. तारीख वाचायची एक फाईल आमची दोन्ही मॉड्यूलं मिळून वापरत होती. अशा सामाईक फाईलला डीएलएल म्हणतात. लातूरकरांनी तिचं नवं व्हर्जन आणलं, तेही त्याच नावाचं. ते माझ्या जुन्यावर बसलं आणि जुनं पुसलं गेलं. मी चिडून जुनं परत टाकलं. अप्पांचा मे परत आला आणि पलीकडं निकालाचं मॉड्यूल बंद पडलं. त्याला नवीनच लागत होतं.

हेडसर धावत आले. "सहामाहीच्या गुणपत्रिका अडकल्या. नवीनच राहू द्या."

"दोन्ही ठेवता येतील, सर. वेगवेगळ्या नावानं. दोन तास द्या."

"काही गरज नाही. प्रिंट निघाली ती फायनल."

मी मुकाट्यानं नवीन फाईल परत टाकली. माझा संताप झाला होता. बॅग उचलली, तेवढ्यात सुरवसेबाईंनी ड्रॉवर ओढला. "म्याडम, हे बी त्याच दिवशी निघालतं. भ्यानं दाबून ठेवलंय."

हेडसरांची रिटायरमेंट ऑर्डर. जानेवारीअखेर. जन्मतारीख एक सहा, म्हणजे सरही एक जूनचेच. मला हसू आवरेना.

"बाई, अप्पांचा कागद सहीला ठेवणार ना? हाही त्याच्याखाली ठेवा."

"माझ्या नोकरीवर येईल की."

"प्रिंट निघाली ती फायनल. सरच म्हणाले."

बाईंनी पदर सावरला आणि दोन्ही कागद फाईलीत ठेवले. हेडसर कधीच वाचून सही करत नसत. चार वाजता सगळ्या सह्या आटोपून त्यांनी फाईल शिक्क्यासाठी अप्पांकडं दिली. अप्पा एकेक कागद बघत शिक्का मारत होते. मधेच थांबले.

"सायेब, तुमी बी माझ्यासंगंच चाललाव की. शाल एकच हाय, दुसरी आणू का?"

हेडसरांनी कागद ओढून घेतला. स्वतःचं नाव वाचलं, खाली स्वतःची सही पाहिली. मी खिडकीबाहेर बघत होते.

"म्याडम," शेवटी ते म्हणाले, "किती तास म्हणला होतात?"

जुन्या फाईलला मी वेगळं नाव दिलं आणि माझ्या मॉड्यूलला फक्त तीच वापरायला लावली. निकालवाल्याला त्याची नवीन ठेवली. साडेसहाला दोन्ही सुरळीत चालू झाली. दोन्ही ऑर्डरी हेडसरांनी स्वतःच्या हातानं फाडल्या.

जीपपर्यंत सोडायला अप्पा आले. "ताई, माय म्हणायची, मी नागपंचमीचा. ती तारीख टाकली तर अजून दोन महिने मिळत्याल का?"

"अप्पा, दोन व्हर्जनचं भांडण मी मिटवीन. तुमच्या मायचं आणि गुरुजींचं माझ्याच्यानं मिटायचं नाही."

लेकीचं लग्न एप्रिलात झालं, अप्पा नोकरीत असतानाच. मेव्हणा अजून माझ्याशी बोलत नाही. मी मात्र एक शिकले. टेस्टिंगला स्वतःची जन्मतारीख टाकू नये. ज्याची नोकरी जायची भीती आहे, त्याची टाकावी.