संक्रांतीचा वाफा

आमच्या सोलापूरच्या घरामागं जमिनीची एक पट्टी होती. रुंदी म्हणाल तर दोन बायका हात पसरून उभ्या राहिल्या की संपली. लांबी मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून थेट विहिरीपर्यंत. तिथं फुटके रांजण, मोडक्या खाटा आणि बाभळीची झुडपं यांचं राज्य होतं. मी विधवा होऊन माहेरी परत आले, तेव्हा वडिलांनी विचारलं, "आता दिवसभर काय करणार आहेस?" बाकीच्यांनी उत्तर आधीच ठरवलेलं होतं. जप करील, वाती वळील, कुणाच्या पायात न येता कोपऱ्यात बसेल. माझं वय विशीच्या आतबाहेर. वातींचा मला मनापासून तिटकारा होता. मी म्हटलं, "मागची पट्टी मला द्या."

वडिलांनी दिली. काकूंनी, म्हणजे माझ्या चुलतीनं, नाक मुरडलं. आई गेल्यापासून घर त्यांच्या हुकमावर चालत असे, आणि हुकूम सोडायला त्यांना कारण लागत नसे. "बाग म्हणे! कुणाला दाखवायची आहे?" असं त्या मला ऐकू येईल इतक्या हळू बोलल्या.

मी आखणी केली ती रांगोळीनं. पुढच्या दारात रांगोळी घालायची मला बंदी होती. मागच्या दाराबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. डबाच्या डबा संपवला. घरातला प्रत्येकजण येऊन सांगून गेला की सरळ एकच पाट काढ, दोन्ही बाजूंना वांगी लाव आणि मोकळी हो. मला ते नको होतं. लांब जागा एका नजरेत दिसली की ती गिरणीच्या चाळीतल्या बोळासारखी वाटते, माणूस आत शिरायच्या आधीच कंटाळतो. म्हणून मी पट्टीचे आडवे भाग पाडले. दोन भागांच्या मध्ये मेंदीचं कमरेएवढं कुंपण, आणि वाट एकदा डावीकडून तर एकदा उजवीकडून. एका भागातून पुढच्या भागात काय आहे ते दिसायचं नाही, वळावंच लागायचं.

दाराजवळ न्हाणीचं पाणी यायचं, तिथं अळू, कढीपत्ता, कोथिंबीर. त्यापुढं औषधाचा भाग : अडुळसा, ओवा, गवती चहा, कोरफड. घरात कुणी खोकलं की माझी आठवण व्हायची ती या भागामुळं. तिसरा भाग फुलांचा. मोगरा, अबोली, शेवंती. फुलं देवाला जात, वहिनीच्या वेणीत जात, शेजारणींच्या अंबाड्यात जात. मी ती ओंजळीत घेऊन वास घ्यायची आणि परडीत टाकायची. रागच यायचा, खोटं कशाला सांगू?

चौथा भाग माझ्या डोक्यातून निघाला. सुगडात घालायला जे जे लागतं ते सगळं एकाच वाफ्यात पिकवायचं. एका कडेला उसाची चार बेटं, मध्ये गाजर आणि हरभरा, पुढं गव्हाच्या दोन ओळी. बोर कुंपणाला आधीपासून होतीच. उसाला विहिरीचं पाणी मी स्वतः शेंदून घालत असे. त्या वर्षी पौषात वाफा असा भरून आला, की वडील संध्याकाळी कचेरीतून आले की आधी तिथं जाऊन उभे राहत. ओंब्यांवरून हात फिरवत आणि मगच घरात येत.

भोगीच्या आदल्या दिवशी मी कोयता घेऊन निघाले, तशा काकू आडव्या आल्या. "तू तोडू नकोस. सुगडात जायचं आहे ते. सवाष्णीचा हात हवा."

"पेरलं कुणी काकू? पाणी कुणी घातलं?"

"पेरलेलं मातीत जातं. तोडलेलं देवापुढं जातं."

"मग माझ्या हातचं नको असेल तर ते वाफ्यातच राहू दे. दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लागू देणार नाही."

काकूंनी पिशवी उचलली आणि बाजाराची वाट धरली. ओझं उचलायला मी हवीच होते, तेव्हा मीही गेले. बाजारात वळसंगकडची एक म्हातारी पोत्यावर ओंब्या आणि हरभऱ्याचे डहाळे मांडून बसली होती. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. काकूंनी दोनदा घासाघीस करून माल घेतला. डहाळे ताजे होते, म्हणून मी सहज विचारलं, "स्वतःच तोडलेत का हो आजी?"

"व्हय की. दुसरं कोण हाय मला? मालक जाऊन लई वर्सं झाली. पेरायचंबी मीच, तोडायचंबी मीच."

काकूंचा हात पिशवीतच राहिला. मी म्हटलं, "ऐकलंत?"

"विकतचं असतं ते. पैसे मोजले की दोष उरत नाही."

"मग माझेही पैसे मोजा की!"

म्हातारी आमच्या तोंडाकडे बघत राहिली. काकू तरातरा चालू लागल्या, आणि पिशवी मात्र त्यांनी रिकामी केली नाही. ती मी घरापर्यंत वाहिली.

संक्रांतीच्या सकाळी मी मागच्या दारात जाऊन बसले. स्वयंपाकघरात काकू बाजारच्या ओंब्या सुगडात भरत होत्या. वहिनी, माझ्या भावाची बायको, लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, काकूंसमोर मान वर न करणारी. ती आपलं रिकामं सुगड घेऊन उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वन्सं, मला तुमच्या हातचं द्या."

"काकू काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी रोज तुमच्या हातची फुलं माळते."

मला रडू फुटणार होतं, म्हणून मी घाईनं कोयता उचलला. ऊस तोडला, गाजरं उपटली, ओंब्या खुडल्या. तिचं सुगड माझ्या हातानं काठोकाठ भरलं. तिनं ते देवापुढं नेऊन काकूंच्या सुगडाशेजारी ठेवलं. वडील पाटावर बसले होते, ते देव्हाऱ्याकडे बघून फक्त म्हणाले, "आपल्या वाफ्याचा हरभरा जास्त भरला आहे."

मग तिळगूळ वाटायची वेळ झाली. मी वाटी उचलली. वडिलांना दिला, वहिनीला दिला, आणि काकूंपुढं गेले. माझ्या हाताकडे न बघता त्या म्हणाल्या, "ठेव तिथं पाटावर."

मी ठेवला नाही. तिळगुळाचा तो खडा तळहातावर घेऊन, हात पुढं करून उभी राहिले. बाहेर कुणीतरी येऊन हाक मारून गेलं, दूध उतू जाऊन चुलीत सांडलं, वहिनी उठून धावली. मी हलले नाही. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. शेवटी काकूंनी दोन बोटांनी तो उचलला आणि तोंडात टाकला. त्या दिवशी काकू गोड बोलल्या नाहीत, पुढंही कधी नाही. पण दर संक्रांतीला मी तश्शीच उभी राहिले, आणि दर संक्रांतीला त्यांना तो माझ्या हातावरूनच घ्यावा लागला.